खाऱ्या गावात प्लॅस्टिकचा सोलर

आमच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथे लोखंड टिकत नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. खिडकीचे गज, गेटाच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, दोन पावसाळे झाले की पोपडे धरतात. तरी गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर फुटला की प्रत्येक घरात नव्याने आश्चर्य वाटतं. "बारा वर्षं बघायला नको म्हणाले होते, तीन-चार वर्षांतच टाकी गळायला लागली," हे वाक्य मी तारकर्लीपासून वायरीपर्यंत कितीतरी घरांत ऐकलंय. आमचीही टाकी तशीच गेली. त्यानंतर जो सोलर बसवला त्याची टाकी, पॅनेल, पाईप सगळं प्लॅस्टिकचं आहे. तो घेण्याआधी काय काय तपासलं, बसवताना कशाकडे लक्ष दिलं आणि आज तो कसा चालतोय, ते सविस्तर लिहितेय. किनाऱ्यावरच्या घरांना ही माहिती दुकानात मिळत नाही, म्हणून लिहिणं गरजेचं वाटलं.

जुना सोलर नेहमीच्या पद्धतीचा होता. काचेखाली तांब्याच्या नळ्या आणि पट्ट्या, वर जस्त चढवलेल्या लोखंडाची 200 लिटरची टाकी, तिच्याभोवती उष्णता धरून ठेवणारा पफ म्हणजे फोम आणि बाहेरून रंगवलेला पत्रा. गळती सुरू झाली तेव्हा बाहेर फक्त एक तांबूस ओघळ दिसत होता. वेल्डरने पत्रा उतरवला, भिजून जड झालेला पफ ओरबाडून काढला आणि टाकी ग्राइंडरने उभी कापली. आत एकदा बघून म्हणाला, "बाई, ह्येच्यात आता काय्येक रवूक नाय."

मी टॉर्च घेऊन नीट पाहिलं. टाकीच्या वरच्या भागात, जिथे सगळ्यात गरम पाणी साठतं, तिथला जस्ताचा थर जवळजवळ नाहीसा झाला होता. वेल्डिंगच्या सांध्याला लागून बाजरीच्या दाण्याएवढे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यावर काळ्या-तांबड्या गंजाची टोपी. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोपी उडवली की खाली सुई जाईल एवढं भोक. तळाला चुन्याचे पांढरे पापुद्रे आणि बारीक वाळू मिळून चांगला चार बोटं गाळ साचला होता.

शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे त्या खड्ड्यांनी माझी पाठ सोडली नाही. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, असं आपण मुलांना सांगतो. ते थंड पाण्यात खरं आहे. पण साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर काही प्रकारच्या पाण्यात हे नातं उलटतं. जस्त शाबूत राहतं आणि जिथे लोखंड उघडं पडलंय तिथे लोखंडच खाल्लं जातं. सोलरच्या टाकीत उन्हाळाभर हेच तापमान असतं. त्यात पॅनेलच्या तांब्याचा सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो, टाकीच्या जस्तावर बसतो आणि त्या जागी गंजण्याला आणखी जोर येतो. या सगळ्याला वेग देतं ते पाण्यातलं मीठ, म्हणजे क्लोराईड.

म्हणून नवीन सोलर बघायच्या आधी विहिरीचं पाणी तपासून घेतलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जानेवारीत दिलेल्या नमुन्यात क्लोराईड लिटरला 210 मिलिग्रॅम आलं. मेच्या शेवटी दिलेल्या नमुन्यात 690. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 250 ही योग्य मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात, यावरून अंदाज येईल. वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मे महिन्यात पर्यटकांची गर्दी, घरोघर पंप चालू, गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालून खारं वर चढतं. एकाच विहिरीचं पाणी चार महिन्यांत तिपटीने खारं होतं. त्यामुळे कुणी हिवाळ्यात पाणी तपासून "चालेल" म्हणालं, तर ते धरून चालू नका. नमुना मे महिन्यातच द्या.

हे दोन कागद घेऊन मी दुकानं फिरले. जुन्या टाकीची वॉरंटी शिल्लक होती, पण वॉरंटीच्या कागदाच्या मागे बारीक अक्षरांत पाण्यातल्या क्षारांची आणि क्लोराईडची मर्यादा छापलेली होती आणि आमचं पाणी तिच्या कितीतरी बाहेर होतं. विकताना पाण्याबद्दल एक प्रश्नही विचारायचा नाही आणि टाकी फुटल्यावर तोच मुद्दा पुढे करायचा, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. सोलर घेणाऱ्या प्रत्येकाने आधी तो मागचा कागद वाचावा.

पर्याय बरेच होते. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बहुधा 304 दर्जाच्या असतात. त्या लोखंडासारख्या सरसकट गंजत नाहीत, पण गरम खाऱ्या पाण्यात वेल्डिंगच्या कडेने त्यांना टाचणीएवढी भोकं पडतात. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ती जास्त तग धरते, पण मागवून घ्यावी लागत होती आणि भाव ऐकून घरात शांतता पसरली. काचेचा मुलामा दिलेली टाकी चांगली असते. मात्र तिच्यात मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजून टाकी वाचवते, आणि खाऱ्या पाण्यात ती भराभर संपते. वेळेवर कांडी बदलायला मालवणहून माणूस येईल याची मला खात्री नव्हती. काचेच्या ट्यूबांचा सोलर गंजत नाही, पण त्याची टाकी धातूचीच. शिवाय आमच्या गच्चीवर तीन माड झुकलेले आहेत. एक झावळ पडली तरी ट्यूबांचं काय होईल ते सांगायला नको. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या जुन्या पॅनेलची काच अशीच फुटली होती.

प्लॅस्टिकचं नाव माझ्या भाच्याने काढलं. तो केमिकल इंजिनिअर आहे. ऐकल्याबरोबर मला पाण्याची काळी टाकी आणि उन्हात तडकलेल्या बादल्या आठवल्या. पण तो ज्या प्लॅस्टिकबद्दल बोलत होता ते पॉलिप्रॉपिलीन होतं. अमेरिकेत पोहण्याच्या तलावांचं पाणी कोमट करायला याच्या काळ्या चटया 1970 च्या दशकापासून वापरात आहेत, आणि तिथलं पाणी क्लोरीनचं असतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सौर कार्यक्रमात 2006 मध्ये खास पॉलिमरच्या सौर उपकरणांवर वेगवेगळ्या देशांनी मिळून काम सुरू केलं होतं. म्हणजे ही कुणाच्या गॅरेजमधली कल्पना नव्हती. मिठाचं या प्लॅस्टिकशी काही वैर नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत, अतिउष्णता, ऊन आणि पाण्याचा दाब. धातूचा सोलर घेताना जे प्रश्न विचारतो ते इथे उपयोगाचे नाहीत. प्रश्नच वेगळे विचारावे लागतात.

पहिला प्रश्न उष्णता पाण्यापर्यंत पोचते कशी हा. तांब्याच्या सोलरमध्ये पट्टीवर ऊन पडतं आणि उष्णता पट्टीतून सरकत नळीपर्यंत जाते. पॉलिप्रॉपिलीन उष्णता वाहून न्यायला तांब्यापेक्षा सुमारे दोन हजार पटींनी कमजोर. तांब्याच्या पॅनेलचा आराखडा घेऊन त्यात नुसत्या प्लॅस्टिकच्या नळ्या घातल्या तर पाणी पुरेसं तापणार नाही. म्हणून चांगल्या प्लॅस्टिक पॅनेलमध्ये सुट्या नळ्या नसतातच. पूर्ण पत्राच पोकळ असतो, आत शेजारी शेजारी अरुंद खाचा आणि सगळ्या खाचांतून पाणी. वरची भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाड. उष्णतेला आडवं कुठे जायचंच नसतं, ती भिंत ओलांडली की पाणी. मला कापलेला तुकडा दाखवा, असा मी हट्टच धरला. विक्रेत्याने वितीएवढा तुकडा हातात दिला. तो उजेडाकडे धरला तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या खाचा आरपार मोकळ्या दिसल्या आणि तिथेच माझा विश्वास बसला.

दुसरा प्रश्न टाकीचा. पिण्याच्या पाण्याच्या साध्या काळ्या टाकीला बाहेरून थर्माकोल लावून सोलरची टाकी म्हणून खपवणारे आहेत. ते पॉलिएथिलीन असतं, गरम पाण्याने मऊ पडतं आणि पोट सुटल्यासारखं फुगतं. आमच्या टाकीचं आतलं भांडं पॉलिप्रॉपिलीनचं आहे. किती अंशांपर्यंत सतत चालेल, हे कागदावर लिहून घेतलं.

तिसरा प्रश्न दाबाचा. प्लॅस्टिक गरम असताना थंडपणी सोसतं तेवढा दाब सोसू शकत नाही. त्यामुळे प्रेशर पंपाला जोडायचा असेल तर हा सोलर घेऊच नये. आमच्या सोलरच्या कंपनीच्या माहितीपत्रकात गच्चीवरची थंड पाण्याची टाकी सोलरपासून किती उंच असावी त्याची मर्यादा दिली होती, आणि सोलरच्या टाकीवरची हवेची नळी कायम उघडी ठेवायची असंही लिहिलं होतं. आमच्या न्हाणीत शॉवर नाही, नळ आणि घंगाळ आहे. त्यामुळे आम्हाला दाबाची गरजच नव्हती.

सासूबाईंना मी हे सगळं सांगत बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "माका कडत पाणी व्हया. मगे ता तांब्यातसून येवंदे नायतर प्लॅस्टिकातसून." मग ऑर्डर दिली. तांब्याच्या पॅनेलवर असतो तसा उष्णता धरून ठेवणारा खास लेप प्लॅस्टिकवर नसतो, त्यामुळे त्याच 200 लिटरसाठी पॅनेल थोडं मोठं घेतलं. जागा होती, अडचण आली नाही.

बसवण्याचं काम नोव्हेंबरात केलं. इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

जुन्या सोलरचा लोखंडी स्टँड तळाशी कागदासारखा झाला होता. सोलर प्लॅस्टिकचा आणि तो उभा गंजणाऱ्या अँगलवर, यात काय अर्थ? 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो वजन. आम्ही टाकीसाठी गच्चीवर खालच्या भिंतीच्या रेषेत चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, दोन बुटके खांब बांधून घेतले आणि पॅनेलसाठी चिऱ्याचाच उतार केला. जांभ्याला खाऱ्या वाऱ्याचं काही वाटत नाही. उतार साधारण 28 अंशांचा, तोंड दक्षिणेला. मालवणचा अक्षांश 16 आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि गरम पाणी हवं असतं तेही तेव्हाच, म्हणून अक्षांशापेक्षा उतार जास्त ठेवतात. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच घेतला. हे अंतर ठेवलं नाही तर रात्री उलटी फेरी सुरू होते आणि दिवसभर तापलेलं पाणी पॅनेलमध्ये जाऊन थंड होतं. यात पंप नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, म्हणून पॅनेलकडून टाकीकडे जाणारा पाईप सगळीकडे चढता हवा. मधे कुठे उंचवटा आला की हवा अडकते आणि फेरी थांबते.

पाईप हिरव्या पीपीआरचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचेच. त्यांना गोंद चालत नाही. प्लंबरकडे इस्त्रीसारखं यंत्र असतं, ते 260 अंशांपर्यंत तापवायचं, पाईपचं टोक आणि सॉकेट एकाच वेळी त्यावर धरायचं आणि मऊ झाल्याबरोबर एकमेकांत सरळ दाबायचं. पिळायचं नाही. सांधा झाला की कडेला प्लॅस्टिकची दुहेरी वळी उमटते. ती सारखी गोल आली तर सांधा चांगला. एका सांध्याला ती एका बाजूने जाड आली, तेव्हा प्लंबरने न सांगता कापून परत केला. असा माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. नळाच्या बाजूला जिथे पितळी आटे येतात तिथे मात्र धातू टळत नाही. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त विरघळून ते ठिसूळ होतं. म्हणून असे सांधे मोजकेच ठेवले आणि ते हात पोचेल तिथे ठेवले, म्हणजे बदलता येतील.

पॅनेल घट्ट आवळायचं नाही, हे मी तिथे उभी राहून दोनदा सांगितलं. दोन मीटरचं पॉलिप्रॉपिलीनचं पॅनेल 50 अंशांनी तापलं की जवळजवळ दीड सेंटीमीटर लांब होतं. तांबं तेवढ्यात दोन मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. चारी बाजूंनी आवळलं तर मधे फुगवटा येतो आणि सांध्यावर ताण पडतो. आम्ही खालची बाजू धरून ठेवली आणि वरच्या बाजूला सरकायला जागा दिली. दुपारी बाराच्या सुमाराला गच्चीवर गेलं की ते वर सरकलेलं दिसतं. मी चिऱ्यावर खडूने खूण करून पाहिलंय.

वर काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचा पोकळ पत्रा आहे. झावळ पडली तर वाकेल, फुटणार नाही. या पत्र्याच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो आणि ती बाजू वर यावी लागते. बाजू ओळखायला वरच्या संरक्षक कागदावर छापलेलं असतं. कागद आधी फाडला तर मग दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. उलटा बसला तर पत्रा पिवळा पडतो आणि ऊन आत पोचत नाही. आमच्याकडे आधी बाजू ठरवली, मग कागद काढला.

रिकामं असताना हे सगळं फार हलकं असतं. आमच्याकडच्या वाऱ्याचा विचार करून टाकी आणि पॅनेल मच्छीमारांच्या जाड नायलॉन दोराने चिऱ्याला बांधून घेतलं. दोर उन्हाने कमजोर होतो, म्हणून पावसाळ्याआधी बदलतो. दोर घरचाच, त्यामुळे खर्च नाही.

सुरुवातीला पाण्याला प्लॅस्टिकचा वास येत होता. टाकी पुन्हा पुन्हा भरून सोडली, वास गेला. तरी या पाण्याचा वापर आम्ही आंघोळ आणि भांडी एवढाच ठेवलाय. स्वयंपाकाला घेत नाही.

डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी टाकीत 55 ते 58 अंश मिळतात. तांब्याचा नवा होता तेव्हा 62-63 पर्यंत जायचा, म्हणजे थोडा फरक आहे आणि तो मी लपवणार नाही. पण आंघोळीला आपण 40 अंशांच्या आसपासचं पाणी घेतो, बाकीचं विसण. 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायचं म्हणजे विजेची जवळजवळ सात युनिटं. ती रोज वाचतात. पावसाळ्यात मात्र जूनपासून सोलर सोडूनच द्यायचा. जुलैत पाणी जेमतेम कोमट असतं. तेव्हा न्हाणीतलं चुलाण पेटतं, जाळायला नारळाची सोडणं आणि झावळं आहेतच. विजेची कॉइल मुद्दामच बसवली नाही. टाकीत पाणी नसताना ती चुकून चालू राहिली तर प्लॅस्टिकचा निकाल लागेल.

खरी काळजी मे महिन्याची. पाणी वापरलं गेलं नाही तर टाकी 75-80 अंशांपर्यंत जाते. त्याहून वाईट म्हणजे वीज जाऊन वरची टाकी रिकामी झाली आणि पॅनेल भर दुपारी कोरडं पडलं. तांबं ते सहन करतं, पॉलिप्रॉपिलीन मऊ पडून वाकेल. म्हणून गावाला जाताना पॅनेलवर ताडपत्री टाकून जातो आणि वरच्या टाकीत पाणी कधी संपू देत नाही. एवढी शिस्त ज्या घरात पाळली जाणार नाही तिथे हा सोलर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उपद्रव कुणी सांगितला नव्हता, खारींचा. पाईपवरची फोमची गुंडाळी त्या दातांनी ओढून घरट्याला न्यायच्या. आता त्यावर जुन्या पीव्हीसी पाईपचे उभे चिरलेले तुकडे चढवलेत, तेव्हापासून बंद झालं. विहिरीतून बारीक वाळू येते, ती अरुंद खाचांत बसू नये म्हणून आत येणाऱ्या पाण्याला गाळणी लावलीय आणि ती नियमाने धुते. दिवाळीनंतर पॅनेलच्या खालचा बूच उघडून पाणी जोरात सोडतो. पांढरे पापुद्रे येतात, पण मऊ आणि सुटे. तांबडं पाणी अजून एकदाही आलेलं नाही.

जुन्या पॅनेलच्या तांब्याला भंगारात चांगला भाव आला. प्लॅस्टिकला तो येणार नाही, हेही हिशोबात धरायला हवं. शिवाय धातू गंजताना ओघळ दाखवतो. प्लॅस्टिक जुनं होतं ते आतून, दिसत नाही. म्हणून दर वर्षी पॅनेलची कड बोटाने दाबून पाहते, ठिसूळपणा किंवा चिरा दिसतात का बघते. अजून तरी नाहीत.

कुडाळच्या नणंदेने हे पाहून तसाच सोलर हवा म्हटलं. तिच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात तपासून घेतलं तर क्लोराईड लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आतच. घर समुद्रापासून लांब, वरती प्रेशर पंप आणि दोन न्हाण्यांत शॉवर. तिला मी तांब्याचं पॅनेल आणि स्टेनलेसची टाकीच घ्यायला लावली.